नेब्रास्काचे फुटबॉल : भरलेले स्टेडियम आणि हरवलेला मापदंड

अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाने ३० ऑक्टोबर २०२५ रोजी आपल्या फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक मॅट रूल यांचा करार दोन वर्षांनी वाढवून २०३२ पर्यंत नेला. त्या दिवशी संघाच्या खात्यावर ६ विजय आणि २ पराभव जमा होते. त्यानंतरच्या पाचपैकी चार सामन्यांत संघ पराभूत झाला आणि हंगाम ७ विजय, ६ पराभव असा संपला. बावीस वर्षांपूर्वी, नोव्हेंबर २००३ मध्ये, याच विद्यापीठाने हंगामात ९ सामने जिंकून अवघे ३ गमावलेले प्रशिक्षक फ्रँक सोलिच यांना पदावरून दूर केले होते. ९ विजय अपुरे वाटावेत आणि कालांतराने ७ विजयांनंतरही प्रशिक्षकावर विश्वास कायम राहावा, या दोन टोकांमध्ये एका नामवंत क्रीडापरंपरेची घसरण आणि तिच्या पुनर्बांधणीची दीर्घ, अद्याप अपूर्ण कहाणी सामावलेली आहे.

ही कहाणी क्रीडाक्षेत्रापुरती मर्यादित नाही. गतवैभवाची स्मृती अतिशय जिवंत असलेल्या कोणत्याही संस्थेला नवी उभारणी करताना एका प्रश्नाचा सामना करावा लागतो : यशाचा मापदंड कोणी ठरवायचा आणि तो कोणत्या काळाचा असावा? नेब्रास्कामध्ये हा प्रश्न गेली दोन दशके अनुत्तरित राहिला आणि त्याची किंमत एकामागून एक आलेल्या प्रशिक्षकांनी, खेळाडूंनी आणि चाहत्यांनी मोजली.

राज्याचा एकच संघ

प्रारंभीच एक खुलासा आवश्यक आहे. येथे फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडू हातात घेऊन खेळला जाणारा अमेरिकी फुटबॉल. व्यावसायिक संघांची साखळी वेगळी आणि विद्यापीठांची स्पर्धा वेगळी. विद्यापीठांचे संघ ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत विभागलेले असतात. शरद ऋतूतील शनिवारी त्यांचे सामने होतात आणि हंगामाच्या अखेरीस चांगली कामगिरी करणाऱ्या संघांना ‘बाउल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मानाच्या सामन्यांचे निमंत्रण मिळते. अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी गेलेल्या मराठी विद्यार्थ्यांनाही शनिवारचा हा माहोल पहिल्याच सत्रात अनुभवायला मिळतो. अनेक राज्यांत सरकारी वेतन घेणाऱ्यांमध्ये सर्वाधिक पगार राज्यपालांचा नव्हे, तर विद्यापीठाच्या फुटबॉल प्रशिक्षकाचा असतो. यावरून या खेळाच्या तेथील स्थानाची कल्पना येईल.

नेब्रास्का हे अमेरिकेच्या मध्यभागातील मका आणि गोपालन यांवर जगणारे विस्तीर्ण, विरळ वस्तीचे राज्य आहे. २०२० च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे १९ लाख ६१ हजार, म्हणजे पुणे शहरापेक्षाही कमी आहे. राज्यात फुटबॉल, बास्केटबॉल वा बेसबॉल यांच्या सर्वोच्च व्यावसायिक साखळीतील एकही संघ नाही. त्यामुळे लिंकन या राजधानीतील विद्यापीठाचा ‘कॉर्नहस्कर्स’ हा संघच राज्याचा सार्वत्रिक अभिमान ठरला. १९२३ मध्ये बांधलेल्या मेमोरियल स्टेडियममध्ये सामन्याच्या दिवशी सुमारे ८५ हजार लाल पोशाखातील प्रेक्षक जमतात. ओमाहा आणि लिंकन ही दोन शहरे वगळता राज्यातील कोणत्याही गावाची लोकसंख्या एवढी नाही. नोव्हेंबर १९६२ पासून या मैदानावरील प्रत्येक सामन्याची सर्व तिकिटे विकली गेल्याची नोंद आहे. या अखंड मालिकेने २०२४ मध्ये ४०० चा टप्पा गाठला. पाहुणा संघ जिंकला तरी मैदानाबाहेर जाताना त्याला टाळ्या देण्याची रीत येथील प्रेक्षकांनी जपली आहे.

या आपुलकीचे आणखी एक कारण म्हणजे ‘वॉक-ऑन’ ही पद्धत. शिष्यवृत्ती न मिळताही स्वखर्चाने संघात दाखल होणाऱ्या स्थानिक मुलांना नेब्रास्काने जितके महत्त्व दिले, तितके क्वचितच दुसऱ्या कोणी दिले असेल. लहानशा गावातला शेतकऱ्याचा मुलगा चार वर्षे सराव करून अखेर लाल जर्सीत मैदानात उतरे, तेव्हा त्याच्याबरोबर सारे गाव उतरत असे. चाहत्यांच्या अपेक्षांची मुळे अशी घराघरांत रुजलेली आहेत.

प्रतीक्षेतून घडलेला सुवर्णकाळ

१९६१ चा हंगाम नेब्रास्काने ३ विजय, ६ पराभव आणि १ बरोबरी असा संपवला होता. १९६२ मध्ये बॉब डेव्हनी आले आणि पहिल्याच वर्षी संघाने ९ सामने जिंकले. १९७० आणि १९७१ अशी सलग दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून १९७२ च्या हंगामानंतर त्यांनी सूत्रे आपले सहायक टॉम ऑस्बर्न यांच्याकडे सोपवली. ऑस्बर्न यांनी २५ वर्षांत २५५ सामने जिंकले आणि केवळ ४९ गमावले. एकाही हंगामात त्यांचे विजय ९ पेक्षा खाली आले नाहीत. १९९४, १९९५ आणि १९९७ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदे त्यांच्या नावावर आहेत.

आज ही आकडेवारी एखाद्या शिलालेखासारखी वाचली जाते. तथापि, तिच्या पोटातील एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. ऑस्बर्न यांना पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळाले ते बाविसाव्या हंगामात. कट्टर प्रतिस्पर्धी ओक्लाहोमाविरुद्ध ते १९७३ ते १९७७ अशी पहिली पाचही वर्षे हरले. १९८७ ते १९९३ या सात हंगामांच्या अखेरचे सातही बाउल सामने त्यांनी गमावले. मोठे सामने त्यांना जिंकता येत नाहीत, ही टीका त्या काळात सर्रास होत असे.

त्यांच्या नेतृत्वाचा कस लागला तो २ जानेवारी १९८४ च्या रात्री. मायामीविरुद्धच्या ऑरेंज बाउल सामन्यात अखेरच्या मिनिटाला टचडाउन करून अपराजित नेब्रास्काने गुणसंख्या ३०-३१ वर आणली. एका गुणाची सोपी किक मारून बरोबरी साधली असती, तर राष्ट्रीय विजेतेपद जवळजवळ निश्चित होते. ऑस्बर्न यांनी मात्र विजयासाठी दोन गुणांचा प्रयत्न करण्याचे ठरवले. तो फसला आणि विजेतेपद हातचे गेले. त्या निर्णयाबद्दल त्यांचे पद धोक्यात आले नाही; उलट त्यांच्याविषयीचा आदर वाढला. विद्यापीठाने वाट पाहिली, म्हणून पुढचा दशकभराचा सुवर्णकाळ घडला. नेब्रास्काच्या वैभवाचा खरा पाया कोणता, असे विचारले तर हेच उत्तर द्यावे लागेल. १९६२ ते २००३ या ४२ हंगामांत तेथे केवळ तीन मुख्य प्रशिक्षक झाले आणि प्रत्येक वेळी सूत्रे घरातल्या घरात, विश्वासाने दिली गेली.

२००३ चा निर्णय

ऑस्बर्न यांचे उत्तराधिकारी फ्रँक सोलिच हे नेब्रास्काचेच माजी खेळाडू आणि ऑस्बर्न यांचे दीर्घकाळचे सहायक. १९९९ मध्ये त्यांच्या संघाने १२ सामने जिंकून बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सचे विजेतेपद मिळवले. २००१ च्या हंगामात संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. २००२ मध्ये ७ विजय आणि ७ पराभव अशी पीछेहाट झाली खरी. पण पुढच्याच वर्षी ९ विजयांनी संघ सावरला होता. अशा वेळी, पदावर येऊन वर्षही न झालेले क्रीडा संचालक स्टीव्ह पीडरसन यांनी सोलिच यांना निरोप दिला. नेब्रास्काला सामान्य संघांच्या रांगेत जाऊ देणार नाही, अशी त्यांची भूमिका होती.

त्या भूमिकेमागची चिंता अगदीच निराधार नव्हती. परिस्थिती बदलत होती. शिष्यवृत्तीधारक खेळाडूंच्या संख्येवर आलेली ८५ ची मर्यादा, टेक्सासमधील विद्यापीठांसह १९९६ मध्ये सुरू झालेली नवी कॉन्फरन्स आणि सर्वच संघांचे सामने घरोघरी पोहोचवणारे दूरचित्रवाणी प्रक्षेपण यांमुळे नेब्रास्काचे जुने लाभ ओसरत चालले होते. १९६९ मध्ये बॉइड एपली यांच्या देखरेखीखाली शास्त्रशुद्ध शारीरिक प्रशिक्षण सुरू करणारे नेब्रास्का त्या क्षेत्रात अग्रेसर होते. कालांतराने ती पद्धत सर्वांनीच आत्मसात केली. कमी लोकसंख्येच्या, थंड हवामानाच्या राज्याला अव्वल खेळाडू मिळवण्यासाठी दूरदूर जावे लागते, ही मूळची अडचण आता उघडी पडू लागली होती.

म्हणजेच संस्थेपुढील प्रश्न प्रशिक्षकाच्या कुवतीचा कमी आणि बदललेल्या परिस्थितीत आपले स्थान ओळखण्याचा अधिक होता. त्याचे उत्तर मात्र व्यक्ती बदलून शोधले गेले. सुमारे सहा आठवड्यांच्या शोधानंतर व्यावसायिक साखळीतून बिल कॅलाहन यांना आणण्यात आले. त्यांनी धावण्यावर आधारलेली नेब्रास्काची ओळखीची खेळपद्धती बाजूला सारून चेंडू फेकण्यावर भर दिला. पहिल्याच वर्षी, २००४ मध्ये, ५ विजय आणि ६ पराभव पदरी पडले. १९६१ नंतर प्रथमच संघाचे पराभव विजयांपेक्षा जास्त झाले आणि सलग ३५ वर्षे चालत आलेली बाउल सामन्यांची परंपरा खंडित झाली. सामान्यपणा टाळण्यासाठी उचललेले पाऊल त्याच वाटेवर पडले होते.

नेमणारा एक, काढणारा दुसरा

यानंतरच्या काळाकडे क्रमाने पाहिले असता एक आश्चर्यकारक गोष्ट लक्षात येते. २००३ पासून नेब्रास्काने ज्या पाच मुख्य प्रशिक्षकांना दूर केले, त्यांपैकी प्रत्येकाला काढणारा क्रीडा संचालक हा त्याला नेमणारा नव्हता. सोलिच यांची नेमणूक पीडरसन यांच्या आधीची. कॅलाहन यांना पीडरसन यांनी आणले. पण ऑक्टोबर २००७ मध्ये खुद्द पीडरसन यांनाच जावे लागले आणि क्रीडा संचालक म्हणून परतलेल्या ऑस्बर्न यांनी कॅलाहन यांना निरोप दिला. ऑस्बर्न यांनी बो पेलिनी यांना नेमले. त्यांना २०१४ मध्ये शॉन आयखर्स्ट यांनी काढले. आयखर्स्ट यांनी माइक रायली यांना आणले. स्वतः आयखर्स्ट सप्टेंबर २०१७ मध्ये पदच्युत झाले आणि रायली यांना त्यांचे उत्तराधिकारी बिल मूस यांनी काढले. मूस यांनी नेमलेल्या स्कॉट फ्रॉस्ट यांना २०२२ मध्ये ट्रेव्ह अल्बर्ट्स यांनी दूर केले.

हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. प्रशिक्षकाची नेमणूक म्हणजे एका आराखड्याची स्वीकृती असते. तो आराखडा मान्य करणारा अधिकारीच फळ येण्याआधी निघून गेला, तर नव्या अधिकाऱ्याला जुन्या आराखड्याविषयी ममत्व उरत नाही. अपयशाचे उत्तरदायित्व आधीच्याकडे आणि नव्या आशेचे श्रेय स्वतःकडे, अशी सोय त्यातून होते. त्यामुळे नेब्रास्कामध्ये पुनर्बांधणी पाच वेळा सुरू झाली, असे म्हणण्यापेक्षा ती पाच वेळा पहिल्या पायरीवर परत आणली गेली, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

पेलिनी यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. २००८ ते २०१४ या सात वर्षांत त्यांच्या संघाने प्रत्येक हंगामात किमान ९ सामने जिंकले. परंतु दरवर्षी चार पराभवही ठरलेले असत आणि त्यांतील काही मानहानिकारक होते. २०१२ च्या बिग टेन कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात विस्कॉन्सिनने ७०-३१ असा धुव्वा उडवला. त्यातच २०११ मधील त्यांच्या एका खासगी संभाषणाचे ध्वनिमुद्रण २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात चाहत्यांविषयी शिवराळ उद्गार होते. प्रशिक्षक आणि प्रेक्षक यांच्यातील नात्याला गेलेला तो तडा पुरता सांधला गेला नाही. ९ विजयांचा हंगाम पुन्हा एकदा अपुरा ठरला. त्यांच्या जागी आलेले सौम्य स्वभावाचे रायली तीन वर्षांत १९ विजय आणि १९ पराभव अशा बरोबरीवर थांबले. तापट स्वभावाला उतारा म्हणून सौम्यपणा निवडला गेला. संघबांधणीचा प्रश्न तेथेच राहिला.

घरच्या मुलाची शोकांतिका

डिसेंबर २०१७ मध्ये स्कॉट फ्रॉस्ट परतले, तेव्हा राज्यात सणासारखे वातावरण होते. नेब्रास्कातील वुड रिव्हर या लहानशा गावात वाढलेला मुलगा, १९९७ च्या राष्ट्रीय विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक आणि ऑस्बर्न यांचा शिष्य, असे सारे काही जुळून आले होते. शिवाय २०१५ मध्ये एकही सामना जिंकू न शकलेल्या सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या संघाला त्यांनी दोन वर्षांत अपराजित केले होते. चाहत्यांनी त्यांच्याकडे प्रशिक्षक म्हणून पाहिलेच नाही. हरवलेला काळ परत आणणारा वारस म्हणून त्यांच्याकडे पाहिले गेले.

पुढे जे घडले ते या अपेक्षेच्या अगदी उलट होते. पहिल्या हंगामाची सुरुवात सलग सहा पराभवांनी झाली. नोव्हेंबर २०१९ मध्ये, संघाची कामगिरी ४ विजय व ५ पराभव अशी असताना, त्यांचा करार २०२६ पर्यंत वाढवण्यात आला. २०२१ मध्ये संघ ३ सामने जिंकून ९ हरला आणि हे नऊही पराभव ९ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने झाले. आठ गुणांच्या आत निकाल लागलेल्या सामन्यांत फ्रॉस्ट यांच्या संघाने ५ जिंकले आणि २२ गमावले. हा नुसत्या दैवाचा खेळ असू शकत नाही. शेवटच्या काही मिनिटांतील शिस्त, विशेष पथकांची तयारी आणि दडपणाखालचे निर्णय ही नेतृत्वाची कसोटी असते. तेथेच संघ वारंवार कमी पडला.

११ सप्टेंबर २०२२ रोजी, जॉर्जिया सदर्नविरुद्धच्या ४२-४५ अशा पराभवाच्या दुसऱ्या दिवशी, फ्रॉस्ट यांना दूर करण्यात आले. करारानुसार १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते, तर विद्यापीठाची देणी दीड कोटी डॉलरवरून निम्म्यावर आली असती. तीन आठवडे थांबण्याचीही तयारी उरली नव्हती. १६ विजय आणि ३१ पराभव ही त्यांची अंतिम नोंद. आप्तभावाने दिलेली मुदतवाढ आणि उद्वेगाने घेतलेला निर्णय या दोहोंत भावना प्रबळ होती आणि मापदंड गैरहजर होता.

रूल यांचा संथ मार्ग

नोव्हेंबर २०२२ मध्ये ८ वर्षांच्या आणि ७ कोटी ४० लाख डॉलरच्या करारावर आलेले मॅट रूल हे पुनर्बांधणीचे जाणकार म्हणून ओळखले जात. टेम्पल विद्यापीठात पहिल्या वर्षी २ विजय आणि तिसऱ्या वर्षी १०. बेलर विद्यापीठात २०१७ मध्ये १ विजय आणि २०१९ मध्ये ११, असा त्यांचा लौकिक. आधी पाया, मग इमारत ही त्यांची रीत. नेब्रास्काशी त्यांचा पूर्वसंबंध नव्हता. ते पेन स्टेट विद्यापीठाचे माजी खेळाडू. एका अर्थाने ही अनुकूल बाब होती, कारण जुन्या काळाचा वारस होण्याचे ओझे त्यांच्यावर नव्हते.

२०२३ मध्ये ५ विजय व ७ पराभव झाले. २०२४ मध्ये ७ विजय व ६ पराभव असा हंगाम संपला आणि न्यूयॉर्कमधील पिनस्ट्राइप बाउल सामन्यात बोस्टन कॉलेजवर २०-१५ असा विजय मिळाला. २०१६ नंतरचा तो नेब्रास्काचा पहिला बाउल सामना होता आणि पराभवांपेक्षा जास्त विजय असलेला तो पहिलाच हंगामही. १९९० च्या दशकात जी गोष्ट अपयश मानली गेली असती, ती २०२४ मध्ये दिलासा ठरली. चाहत्यांनी आपल्या अपेक्षा नकळत किती खाली आणल्या होत्या, याचे हे प्रत्यंतर होते.

परंतु तिसऱ्या वर्षी अपेक्षित झेप आली नाही. २०२५ मध्ये पुन्हा तेच ७ विजय आणि ६ पराभव. नोव्हेंबरच्या प्रारंभी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाविरुद्ध क्वार्टरबॅक डिलन रायोला पाय मोडून हंगामाबाहेर गेला आणि हंगाम संपल्यावर त्याने विद्यापीठही सोडले. पेन स्टेट, आयोवा आणि युटा यांच्याविरुद्धचे अखेरचे तीन सामने मोठ्या फरकाने गमावले गेले. टेम्पल आणि बेलर येथील तिसऱ्या वर्षाची आठवण देणारे चाहते साहजिकच अस्वस्थ झाले.

इंडियानाने बदललेले गणित

या अस्वस्थतेला आणखी एक कारण शेजारून मिळाले. बिग टेन कॉन्फरन्समधील इंडियाना विद्यापीठ हे फुटबॉलमधील अपयशासाठी प्रसिद्ध होते. २०२३ पर्यंत त्यांनी एका हंगामात दहा सामने कधीच जिंकले नव्हते. त्या वर्षी तर केवळ ३ विजय मिळाले. नंतर जेम्स मॅडिसन विद्यापीठातून कर्ट सिग्नेटी आले. त्यांनी आपल्या जुन्या संघातील अनेक खेळाडू सोबत आणले आणि २०२४ मध्ये ११ सामने जिंकले. त्याच हंगामात, १९ ऑक्टोबर रोजी, नेब्रास्काचा त्यांनी ५६-७ असा फडशा पाडला. २०२५ मध्ये इंडियाना १६ सामने खेळून अपराजित राहिले आणि १९ जानेवारी २०२६ रोजी मायामीवर २७-२१ असा विजय मिळवून त्यांनी पहिलेवहिले राष्ट्रीय विजेतेपद पटकावले.

हे शक्य झाले ते बदललेल्या नियमांमुळे. २०२१ पासून खेळाडूला एक वर्ष बाहेर न बसता विद्यापीठ बदलण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षीच्या जुलैपासून स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे मिळवण्याची परवानगी आली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे आपल्या खेळाडूंना थेट मोबदला देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी त्याची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर अशी होती. याच तडजोडीने संघातील खेळाडूंची संख्या १०५ वर मर्यादित केली. मोठ्या संख्येने ‘वॉक-ऑन’ बाळगणाऱ्या नेब्रास्काच्या परंपरेला त्यामुळे कात्री लागली.

पूर्वी संघ उभा करायचा म्हणजे शाळेतून मुले आणायची, त्यांना चार-पाच वर्षे घडवायचे आणि मग फळाची वाट पाहायची. या कालावधीनेच प्रशिक्षकाला संरक्षण दिलेले होते. आता अनुभवी खेळाडू एका हिवाळ्यात जमवता येतात. त्यामुळे ‘थोडा वेळ द्या’ हे वाक्य चाहत्यांना पूर्वीसारखे पटत नाही. इंडियानाला दोन वर्षे पुरतात, तर आम्हाला तीन का पुरू नयेत, हा त्यांचा प्रश्न आहे. तो अन्यायकारक म्हणता येणार नाही. मात्र इंडियानाचे यश हा नियम मानणेही धोक्याचे आहे. तेच नियम, तोच बाजार आणि कितीतरी अधिक पैसा हाताशी असूनही अनेक विद्यापीठे जागच्या जागी आहेत. योग्य खेळाडू हेरण्याची दृष्टी आणि एका विचाराने काम करणारा सहायकांचा चमू बाजारात विकत मिळत नाही. ऑस्बर्न यांच्या नेब्रास्काकडे नेमके तेच होते.

मुदतवाढीचा अर्थ

या पार्श्वभूमीवर ऑक्टोबर २०२५ च्या मुदतवाढीकडे पाहावे लागेल. त्या महिन्यात अमेरिकी विद्यापीठांत प्रशिक्षकांच्या हकालपट्टीची लाट आली होती. पेन स्टेटने १०४ सामने जिंकून देणाऱ्या जेम्स फ्रँकलिन यांना १२ ऑक्टोबर रोजी काढले, तर लुइझियाना स्टेटने ब्रायन केली यांना २६ ऑक्टोबर रोजी. दोघांच्याही उर्वरित कराराचे दायित्व कोट्यवधी डॉलरच्या घरात होते. पेन स्टेटच्या रिकाम्या पदासाठी तेथील माजी खेळाडू असलेल्या रूल यांचे नाव चर्चेत येणे स्वाभाविक होते. नेब्रास्काचे क्रीडा संचालक ट्रॉय डॅनन यांनी ती शक्यता वेळीच बंद केली.

या निर्णयाची दोन परस्परविरोधी वाचने संभवतात. एक असे की, प्रशिक्षक गमावण्याच्या भीतीने विद्यापीठाने घाई केली. कॅलाहन यांनाही पदावरून जाण्याच्या काही आठवडे आधी मुदतवाढ मिळाली होती आणि फ्रॉस्ट यांचीही पुढे महागात पडली, याचे स्मरण टीकाकार करून देतात. दुसरे वाचन असे की, रूल यांना नेमणारे अल्बर्ट्स मार्च २०२४ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठात गेले. त्यांच्यामागून आलेल्या डॅनन यांनी आधीच्याचा आराखडा मोडून न टाकता स्वतःचा म्हणून स्वीकारला. २००३ पासूनची साखळी येथे प्रथमच तुटली असेल, तर ही घटना सातव्या किंवा आठव्या विजयापेक्षा महत्त्वाची आहे.

यांपैकी कोणते वाचन खरे, हे करारातील वर्षांवरून ठरणार नाही. डॅनन आणि रूल हे दोघे मिळून चाहत्यांपुढे काय ठेवतात, यावरून ते ठरेल. इतके विजय मिळतील, अशी हमी कोणालाच देता येत नाही. पण आपण आज नेमके कोठे उभे आहोत, पुढच्या वर्षी कोणत्या गोष्टीत सुधारणा दिसली पाहिजे आणि ती न दिसल्यास उत्तरदायी कोण, हे मोकळेपणाने सांगता येते. आजवर प्रत्येक नव्या नेमणुकीच्या वेळी वैभव परत आणण्याची भाषा झाली. ती ऐकायला गोड असते. परंतु तीच पुढे प्रशिक्षकाच्या गळ्यातील फास ठरते, कारण त्या वचनाची तुलना थेट १९९५ च्या संघाशी होते.

निष्ठा आणि संयम

चाहत्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. त्यांना अवास्तव अपेक्षा बाळगणारे म्हणून हिणवणे सोपे आहे. पण गेल्या दोन दशकांत संघाने त्यांना जे दिले आणि त्यांनी संघाला जे दिले, त्यांची तुलना केली तर पारडे चाहत्यांच्या बाजूनेच झुकते. १९९९ नंतर कॉन्फरन्सचे एकही विजेतेपद नाही, तरीही मैदान भरलेलेच राहिले. ३० ऑगस्ट २०२३ रोजी त्याच मैदानावर विद्यापीठाच्या महिला व्हॉलीबॉल संघाचा सामना पाहण्यासाठी ९२,००३ प्रेक्षक आले होते. उत्तम कामगिरीची पारख या प्रेक्षकांना आहे आणि फुटबॉलखेरीज अन्य खेळाला डोक्यावर घेण्याइतके मनही आहे.

तरीही निष्ठा आणि संयम या दोन भिन्न गोष्टी आहेत. तिकिटे विकली जात राहिल्याने संस्थेला असा भास होत राहिला की, लोक आपल्यासोबत आहेत. वास्तविक, अलीकडच्या पडत्या काळात न खपलेली तिकिटे देणगीदारांनी विकत घेतली आणि गरजू मुलांना सामने दाखवून ती अखंड मालिका सांभाळली. उपक्रम स्तुत्यच होता. पण भरलेल्या खुर्च्यांआड दडलेली निराशा त्यातून दिसेनाशी झाली. दुसरीकडे हीच गर्दी नव्या क्रीडा संचालकाला धीट निर्णयाची घाई करायला लावत राहिली. एवढे लोक वाट पाहत आहेत, तर काहीतरी केलेच पाहिजे, हा दबाव भल्याभल्यांना पेलत नाही.

ऑस्बर्न यांच्या बाविसाव्या हंगामापर्यंत थांबलेल्या विद्यापीठाकडून आज बावीस वर्षांच्या धीराची अपेक्षा कोणी करणार नाही. नियम बदलले, पैसा आला आणि काळही आखडला. परंतु त्या वेळच्या यशाचे सूत्र विजयांच्या संख्येत नव्हते. नेमणारा आणि नेमलेला यांनी एकमेकांची जबाबदारी शेवटपर्यंत उचलली, यात ते होते. नेब्रास्काने १९९५ चा संघ परत मिळवण्याचा ध्यास घेतला आणि तो संघ ज्या सातत्यावर उभा होता, ते सातत्यच गमावले. रूल यशस्वी होतील किंवा अपयशी ठरतील. यशस्वी झाले तर प्रश्नच मिटला. अपयशी ठरले तर त्यांना दूर करणारा अधिकारी त्यांना मुदतवाढ देणाराच असेल का आणि आपले काय चुकले हे तो चाहत्यांना सांगेल का, यावर या पुनर्बांधणीचे मोल ठरणार आहे. लिंकनमधील लाल गर्दी पुढच्या शनिवारीही येईलच. तिला आता स्वप्नांपेक्षा खऱ्या हिशेबाची अधिक गरज आहे.